शून्य छेद आणि सीमेचा नियम

प्रश्न : छेदाची सीमा शून्य आली की अकरावीची मुले 'सीमा नाही' असे लिहून मोकळी होतात. भागाकाराचा नियम कसा शिकवावा? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : चिंता नसावी; ही चूक स्वाभाविक आहे. छेदाची सीमा शून्येतर असेल तेव्हाच हा नियम लागू होतो. परंतु जेथे तो लागू होत नाही तेथे सीमेचे अस्तित्वच नाकारण्याची मुभा तो कोणासही देत नाही. क्ष हा २ कडे जात असता (क्ष² − ४) ÷ (क्ष − २) ची सीमा ४ येते, कारण क्ष २ च्या निकट असतो, प्रत्यक्ष २ नसतो, आणि म्हणूनच (क्ष − २) ने भागणे कायदेशीर ठरते. १.९ ला ३.९, २.०१ ला ४.०१ असा तक्ता फळ्यावर आधी मांडावा, अवयव मागाहून पाडावेत. अंशाची सीमा शून्येतर असेल, तर मात्र सांत सीमा नाही असे खुशाल लिहू द्यावे.