बोर्ड घेण्याआधी बायस कुठे बसलाय ते बघा

अँप्लिफायर जळाला की दोष बसवणाऱ्याचा, हे आपल्या धंद्यात ठरूनच गेलंय. बोर्ड विकणारा नामानिराळा राहतो आणि ज्याच्या हातात सोल्डरिंग गन, तो अडकतो. माझ्या बाबतीत तेच झालं. गप्प बसलो तर उद्या दुसरा कुणी अडकेल, म्हणून लिहितोय.

नाशिकची हवा थंड, हे आता फक्त बोलण्यापुरतं उरलंय. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशाच एका दिवशी मखमलाबादकडे हळदीचा कार्यक्रम होता. रॅक पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला. बोर्ड रेडिमेड, प्रत्येक चॅनलला ५२००-१९४३ च्या दोन जोड्या, सप्लाय अधिक-उणे ५० व्होल्ट. नाच रंगात असताना एक चॅनल गेला. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, सप्लायचा डीसी सरळ स्पीकरवर आला आणि व्हॉइस कॉइल जळून गेली. साउंडवाला माझं जुनं गिऱ्हाईक. तरी चारचौघांत म्हणाला, "भाऊ, तुम्हीच बसवला होता ना?"

विकणाऱ्याला फोन केला. त्याने ऐकून न घेताच सांगितलं, "शेठ, बायस आमच्याकडूनच सेट होऊन येतो. तुमच्याकडे लोड जास्त पडला." एका चॅनलला ८ ओहमचा एकच बॉक्स होता, हे मी दोनदा सांगितलं. त्यानंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं. नुकसान मी भरलं, पैशापरी पैसे गेले आणि नावही गेलं.

त्याच लॉटमधला दुसरा बोर्ड दुकानात होता. तो टेबलावर घेतला. मीटर मिलिव्होल्टवर करून ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टन्सवर लावला. थंड असताना ९ मिलिव्होल्ट, म्हणजे साधारण ४० मिलिअँप. यात बोट ठेवायला जागा नव्हती. मग डमी लोडवर दणकून गाणी चालवली आणि एकदम इनपुट काढलं. आता आकडा हळूहळू खाली यायला हवा होता. तो २६ वर होता, ३१ झाला, बघता बघता ३८. गाणं बंद, लोड काढलेला, तरी करंट चढतोय! ३८ मिलिव्होल्ट म्हणजे एका जोडीत १७० मिलिअँपच्या पुढे. १०० व्होल्टवर दोन जोड्यांची मिळून ३५ वॅटच्या आसपास नुसती उष्णता, तीही आवाज नसताना.

बायसचे चार काचेचे डायोड बोर्डावर हीटसिंकपासून लांब उभे होते. गरम बिट त्यांना नुसती टेकवली, तर आकडा क्षणात शून्याजवळ आला. डायोड आपलं काम चोख करत होते, पण त्यांना ट्रान्झिस्टर तापल्याची खबरच नव्हती. त्यात पंख्याचा झोत नेमका त्यांच्यावर. म्हणजे ज्या पंख्याने जपायचं, तोच बायसला 'सगळं थंड आहे' असं सांगत होता. त्या घडीला माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. चूक बोर्ड आखणाऱ्याची होती, माझी नव्हती.

हिशोब सरळ आहे. तापमान १ अंशाने वाढलं की ट्रान्झिस्टरला लागणारं बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने घटतं. बायस तेवढाच राहिला तर ३० अंशांत ६० मिलिव्होल्ट जादा पडतात, आणि ६० मिलिव्होल्टमध्ये करंट दहापट होऊ शकतो. एमिटर रेझिस्टन्स त्याला थोडा लगाम घालतो, पण सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही. करंट वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की पुन्हा करंट.

मी आता डायोडवाले बोर्ड घेत नाही. बीडी१३९ चा बायस ट्रान्झिस्टर हवा, आणि तो हीटसिंकच्या कोपऱ्यात नको, आउटपुट ट्रान्झिस्टरला खेटून हवा. त्याच्या पाठीच्या धातूला कलेक्टर जोडलेला असतो, तेव्हा अभ्रक आणि सिलिकॉन पेस्ट विसरू नका. प्रीसेट कुठे आहे ते तर आधी बघा. तो या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये असावा. धुळीने त्याचा सरकता संपर्क सुटला तर बायस कमी होतो, आवाज खरखरतो, एवढंच. तोच कलेक्टर-बेसमध्ये असेल तर संपर्क सुटताच बायस पूर्ण चढतो आणि आउटपुट उडतात. माझ्याकडचा प्रीसेट डायोडच्या सिरीजमध्ये होता, तोही तितकाच घातक.

ट्रान्झिस्टर बदलल्यावर प्रीसेट सर्वांत कमी बायसवर ठेवा, स्पीकर लावू नका आणि पहिला सप्लाय १०० वॅटच्या सिरीज बल्बमधून द्या. बल्ब मंद राहिला तरच थेट लाइनवर जा आणि शेवटचा बायस तिथेच लावा, कारण बल्बवर सप्लाय कमी पडतो. अर्धा तास तापू द्या, पुन्हा बघा. प्रत्येक एमिटर रेझिस्टन्स वेगळा मोजा. एका जोडीत ४ आणि दुसरीत १५ मिलिव्होल्ट येत असतील, तर ट्रान्झिस्टर एका लॉटचे नाहीत किंवा अस्सल नाहीत. ५२०० वर १५० वॅट लिहिलेले असतात, पण ते केस २५ अंशांवर असतानाचे. केस ७५ अंशांवर गेली की ९० च उरतात.

बायस अगदी शून्यावर आणून सुटका करून घेऊ नका. हळू आवाजात गाणं फाटतं आणि गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याच दारात येतं.

डीसी प्रोटेक्शनचा रिले जरूर टाका. पक्कं बिल घ्या आणि त्यावर बोर्डाचा लॉट लिहून घ्या. तो विकणारा आजही तेच डायोडवाले बोर्ड विकतोय. माझ्याकडचा बोर्ड मी दुरुस्त केलेला नाही, तसाच ठेवलाय. ज्याला खोटं वाटत असेल त्याने स्वतःचं मीटर घेऊन दुकानात यावं.