नागरी सन्मान आणि नगरीची तिजोरी

१ ऑक्टोबर हा ठाणे महानगरपालिकेचा वर्धापनदिन होय. १९८२ साली या दिवशी जुन्या नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले आणि बरोबर एक वर्षाने, १ ऑक्टोबर १९८३ रोजी, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अस्तित्वात आली. वर्धापनदिनानिमित्त 'ठाणे भूषण', 'ठाणे गौरव' व 'ठाणे गुणीजन' हे सन्मान शहरातील रहिवाशांना देण्याची ठाण्यात प्रथा आहे. समारंभ काही तासांत आटोपतो. परंतु करदात्यांच्या पैशातून नागरिकांचा गौरव करावयाचा तर तो किती व कोणत्या रीतीने, हा प्रश्न अंदाजपत्रक तयार करणाऱ्यांपुढे वर्षभर उभा असतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कर्तव्यांचे दोन वर्ग केलेले आहेत. कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्ये येतात : पाणी, मलनिःसारण, रस्ते, दिवाबत्ती, सार्वजनिक आरोग्य इत्यादी. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये आहेत व नागरी सन्मान हा या दुसऱ्या वर्गातला विषय ठरतो. गंमत अशी की, रस्त्यांना नावे देणे हे काम मात्र पहिल्या वर्गात मोडते. एखाद्या निःस्पृह शिक्षकाचे नाव गल्लीला दिले तर पाटीपुरताच खर्च होतो आणि तो बंधनकारक कर्तव्याच्या चौकटीत बसतो. त्याच शिक्षकाचा मंडप घालून सत्कार केला तर तो ऐच्छिक खर्च होय.

ऐच्छिक खर्चाला जागा किती उरते, हे जमेच्या बाजूवर अवलंबून आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८ लक्ष ४१ हजार, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२ लक्ष ४७ हजार होती. एवढ्या वस्तीच्या उत्पन्नाचा आधार पूर्वी जकात हा होता. पुढे स्थानिक संस्था कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर त्याच्या जागी राज्य शासनाकडून भरपाईचे अनुदान मिळू लागले. या अनुदानात दरवर्षी ८ टक्के वाढीची तरतूद असल्याने ते निश्चित असते. पण शहर वेगाने वाढले म्हणून ते त्या वेगाने वाढत नाही. महानगरपालिकेच्या स्वतःच्या हाती मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचे शुल्क एवढेच राहते. यांपैकी शेवटची बाब घरबांधणीच्या बाजारावर हेलकावे खाते. खर्चाच्या बाजूस वेतन, निवृत्तिवेतन, वीज, पाणी, घनकचरा, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय यांसारख्या बाबी अटळ असतात. शिवाय मागील वर्षांच्या कामांचे दायित्व असतेच.

वर्धापनदिनाची तिथीही लक्षात घेण्यासारखी आहे. १ ऑक्टोबर हा वित्तीय वर्षाचा नेमका मध्य. पावसाळा ओसरत असतो, रस्त्यांवरील खड्ड्यांची दुरुस्ती तातडीची झालेली असते, आणि मालमत्ता कराच्या थकबाकीची वसुली बहुधा शेवटच्या तिमाहीतच जोर धरते. अशा वेळी सन्मानाची तरतूद मार्चमध्येच ठरलेली नसेल तर ती पुनर्विनियोजनाने दुसऱ्या शीर्षातून ओढून आणावी लागते. रुग्णालयाच्या औषधांचे देयक थांबलेले असताना मंडप व सन्मानचिन्हांचे देयक चुकते झाले, तर ज्याचा गौरव झाला त्या गृहस्थालाही ते भूषणावह वाटणार नाही.

सन्मानाचा दुसरा प्रकार विटा-चुन्याचा. ठाण्यातील राम गणेश गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर या वास्तू थोर नावे धारण करून उभ्या आहेत. ही नावे अखिल महाराष्ट्राची आहेत. गडकरी जन्माने नवसारीचे, तर अत्रे सासवडकडचे. अशा वास्तूचा खर्च उद्घाटनाने संपत नाही. गडकरी रंगायतन २०२४ च्या अखेरीस मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवावे लागले होते. नाव देताना देखभालीचा वार्षिक आकडा ठरावासोबत सभेपुढे ठेवला जावा, हे म्हणूनच आवश्यक ठरते.

याउलट जनकवी पी. सावळाराम यांचे उदाहरण आहे. ते ठाण्यात राहिले, ठाण्याचे नगराध्यक्ष झाले, आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार ठाणे महानगरपालिका जनकवी पी. सावळाराम कला समितीच्या सहकार्याने देत आली आहे. सहकार्याच्या या पद्धतीत कलावंतांची पारख त्या क्षेत्रातील जाणकारांकडे जाते व संस्थेवरील भार विभागला जातो.

ग्रामपंचायत सदस्यांनाही यातून घेण्यासारखे आहे. ३१ मे २०२३ रोजी, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या जयंतीस, राज्यातील ग्रामपंचायतींमध्ये प्रत्येकी दोन कर्तबगार महिलांचा सन्मान करण्याची योजना राबविण्यात आली. संख्या ठरलेली, दिवस ठरलेला. संख्येवर मर्यादा नसली की शिफारशी वाढतात, यादी लांबते आणि खर्चाबरोबर सन्मानाची किंमतही उतरते. लहान गावात तर नकार देणे अधिकच अवघड. तेथे नियमाचा आधार सरपंचाला फार उपयोगी पडतो.

सन्मानितांची नोंद ठेवणे ही या सर्वांत अल्पखर्चाची बाब आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून कार्यरत आहे. प्रत्येक सन्मानित व्यक्तीच्या कार्याची दोन पानी माहिती अशा ग्रंथालयांत व महानगरपालिकेच्या शाळांत दरवर्षी पोचविली, तर त्यास छपाईपलीकडे फारसा खर्च येणार नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला शिक्षकांच्या हाती मग आपल्याच शहरातील परिचारिका, खेळाडू, सफाई कामगार व ग्रंथपाल यांची खरी चरित्रे असतील.