गिटारची लाकडी पट्टी

गिटारला बहुधा सहा तारा असतात. तारांखाली लांब दांडी असते. दांडीवर एक काळसर लाकडी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर धातूचे पडदे असतात. सतारीचे पडदे सरकवता येतात, हे पक्के बसवलेले असतात. या पट्टीला फ्रेटबोर्ड म्हणतात. वाजवणाऱ्याची बोटे सारा वेळ हिच्यावरच फिरतात.

ही पट्टी पुष्कळदा शिसवी लाकडाची असते. हो, आपल्या सह्याद्रीत होतो तोच शिसव! परदेशातल्या गिटारींनाही तो लावतात. गिटारच्या पोटाला रोगण असते, या पट्टीला नसते. लाकूड उघडेच असते. म्हणून घाम आणि मळ तिच्यात मुरतो. पडद्यांच्या कडेला काळा थर धरतो.

हवा फार कोरडी झाली की लाकूड आकसते. धातू आकसत नाही. मग पडद्यांची टोके बाहेर येतात आणि हाताला बोचतात. कधी पट्टीला चीरही जाते. ती सांधणारा कारागीर गावोगाव मिळत नाही. मिळाला तरी पैसे मोजावे लागतात. लग्नसराईत वाजवून पोट भरणाऱ्याला हे कसं परवडावं?

तारा बदलताना हे काम करावे. जुन्या तारा हळूहळू सैल करून काढाव्यात. कोरड्या सुती फडक्याने पट्टी पुसावी. पडद्यांच्या कडेने दात घासायचा जुना, मऊ ब्रश फिरवावा. तरी मळ राहिला, तर फडके ओले करून घट्ट पिळावे, एकदा पुसावे आणि लगेच कोरडे करावे. साबण नको.

आता तेल. घरात खोबरेल असते, गोडेतेल असते. हात तिकडेच जातो. पण गोडेतेल काही दिवसांनी खवट आणि चिकट होते. खोबरेल थंडीत थिजते. त्यावर धूळ बसते ती वेगळीच. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळते, ते आणा. रेचकात मिसळलेले नको, नुसते मागा. चार-सहा थेंब फडक्यावर घ्यावेत, पट्टीवर ओतू नयेत. लाकडाच्या रेषेने हलके चोळावे. 5 मिनिटांनी सगळे पुसून काढावे. हाताला तेलकट लागले, तर जास्त झाले समजा. वर्षातून एकदा-दोनदा पुरे. कोकणच्या दमट हवेत तेवढेही क्वचितच लागते.

एक मात्र आधी पाहा. काही गिटारींची पट्टी पिवळट पांढरी असते. ते मेपलचे लाकूड. त्याला बहुधा रोगण दिलेले असते. तिथे तेल मुरत नाही. फडक्याने पुसले की झाले.