शाळेसमोरचा रस्ता आणि आपली मुले

शाळा सुटल्याची घंटा झाली की फाटकासमोर रिक्षा, दुचाक्या, एसटी आणि मुले यांची एकच गर्दी होते. ‘रस्ता सांभाळून ओलांड’ असे आपण मुलांना रोज बजावतो. पण सांभाळून म्हणजे नेमके कसे, हे शिकवत नाही. मुलांचा डॉक्टर या नात्याने मला हा आरोग्याचाच प्रश्न वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ५ ते २९ वर्षे वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण रस्ते अपघात हे आहे, आणि यावर लस नाही.

सहा वर्षांच्या मुलाची उंची जेमतेम पावणेचार फूट. उभ्या जीपच्या आडून त्याला रस्ता दिसत नाही आणि चालकाला ते दिसत नाही. वाहनाचे अंतर व वेग यांचा मेळ घालणेही त्याला जमत नाही. दहा वर्षांखालील मुले रहदारीत स्वतःला सांभाळू शकत नाहीत, असे स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ स्टिना सँडेल्स यांनी १९६० च्या दशकातच अभ्यासाने दाखवले. तेव्हा या वयापर्यंत सोबत मोठे माणूस हवेच. त्याने मुलाचे बोट नव्हे, मनगट धरावे.

चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे १४ मीटर पुढे येते; ३० च्या वेगाचे ८ मीटर. म्हणून शाळेजवळ वाहन हळू हाकावे.

मुलांना हे शिकवावे :

१) कडेला पूर्ण थांबावे.

२) आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहावे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे पहिले वाहन उजवीकडून येते.

३) उभ्या एसटीच्या आडून निघू नये, ती जाऊ द्यावी.

४) धावू नये. चप्पल निसटली तरी मागे फिरू नये.

हे तोंडी सांगून भागत नाही. काही दिवस रोज सोबत चालून मुलाकडून करवून घ्यावे.

पालकांना एक कळकळीची विनंती. रस्त्यापलीकडे उभे राहून मुलाला हाक मारू नका. आईचा आवाज ऐकताच मूल रस्ता विसरते आणि धाव घेते. फाटकाच्याच बाजूला उभे राहा.

अपघात झालाच आणि डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी उलटी, गुंगी किंवा फीट आल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘झोपू दे, बरे वाटेल’ म्हणून वाट पाहू नये.