पिंजरा उंच, मग वेलही उंचच हवा

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मागच्या उन्हाळ्यात परसात टोमॅटोसाठी जाड तारेच्या जाळीचे पाच फुटी चार पिंजरे केले आणि त्यांत ‘रोमा’ची रोपं लावली. झाडं कमरेएवढीच झाली, ऑगस्टमध्ये सगळी फळं जवळजवळ एकदम पिकली आणि झाडं वाळली. पिंजऱ्यांचा वरचा भाग रिकामाच राहिला. खतपाण्यात काही कमी पडलं का? यंदा उंच वाढणाऱ्या कोणत्या जाती लावाव्यात? घरात सार, कोशिंबीर आणि मुलांच्या डब्यासाठी टोमॅटो लागतात.
– एक वाचक, एडिसन

उत्तर : खतपाण्यात काहीही कमी पडलेलं नाही. ‘रोमा’ ही झुडपी जात आहे. तिला कितीही खत घातलं तरी ती पाच फूट चढणार नाही.

टोमॅटो मुळात न थांबता वाढणारा वेल आहे. साधारण तीन पानं झाली की फुलांचा एक झुबका येतो, त्याच्या बगलेतून पुढची फूट निघते, पुन्हा तीन पानं, पुन्हा झुबका. थंडीनं किंवा रोगानं मरेपर्यंत हे चालू राहतं. 1914 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात एक वेगळंच झाड आढळलं. त्याच्या दोन झुबक्यांमधली पानं कमी कमी होत गेली आणि शेवटी शेंड्यावर फुलं येऊन वाढ थांबली. हा एकाच जनुकातला बदल. एकदम पिकणारं, यंत्रानं काढता येणारं बुटकं झाड कारखान्यांना टोमॅटो पुरवणाऱ्या शेतकऱ्यांच्या फार सोयीचं ठरलं. ‘रोमा’ त्याच कुळातली. एका आठवड्यात वर्षभराची प्युरी करून ठेवायची असेल तर ती उत्तमच, पण तिच्यासाठी एवढा भक्कम पिंजरा लागत नाही.

म्हणून पाकिटावर आधी एकच शब्द शोधा : ‘इनडिटर्मिनेट’, म्हणजे न थांबता वाढणारी जात. चित्र, फळाचा रंग, दिवसांचा आकडा हे सगळं नंतर. आणि तो आकडा बी पेरल्यापासूनचा नसून रोप जमिनीत लावल्यापासूनचा असतो, हेही ध्यानात ठेवा.

उंच वेलाचा तुमच्याकडे आणखी एक मोठा फायदा आहे. जुलैत उकाड्याची लाट आली आणि रात्रीचं तापमान 24 अंश सेल्सिअसच्या वर राहू लागलं की टोमॅटोची फुलं गळतात. झुडपी झाडाची सगळी फुलं थोड्याच दिवसांत येतात. तेव्हाच लाट आली तर बहुतेक पीक गेलं. वेलाचे दोन झुबके गळले तरी त्याच्या वर नवे येतच असतात.

आता तुमच्या चार पिंजऱ्यांबद्दल. पहिल्यात मी ‘रामापो’ लावीन. ही तुमच्याच राज्यातली संकरित जात. रटगर्स विद्यापीठानं ती 1968 मध्ये दिली, पुढे ती बाजारातून दिसेनाशी झाली आणि 2008 मध्ये विद्यापीठानंच तिचं बी पुन्हा उपलब्ध केलं. फळ रसदार, आंबट-गोड. साराला हेच हवं. दुसऱ्यात इटलीत नेपल्सजवळची ‘सान मार्झानो’. ती सॉससाठी प्रसिद्ध आहे, पण मी ती कोशिंबिरीसाठी सुचवतो : गर घट्ट, बिया कमी, त्यामुळे दही घातल्यावर पाणी सुटत नाही. तिला पाणी मात्र नेमानं द्या. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम नीट पोचत नाही आणि त्याचं बूड काळं पडतं.

डब्यासाठी ‘ज्युलिएट’. द्राक्षांसारखे घोस लागतात, साल जाड असते आणि पावसानंतरही फळं सहसा तडकत नाहीत. 1999 मध्ये तिला ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा पुरस्कार मिळाला होता. चवीला नारिंगी ‘सनगोल्ड’ जास्त गोड, पण पाऊस झाला की फुटते. ती वेलाजवळच उभ्यानं खावी. चौथा पिंजरा हौसेचा. ‘ब्रँडीवाइन’ची पानं बटाट्याच्या पानांसारखी, फळं मोठी गुलाबी, उशिरा येणारी आणि मोजकीच. चव अशी की ती एकदा तरी लावाच. जोखीम नको असेल तर त्याऐवजी ‘बिग बीफ’ घ्या, ती बऱ्याच रोगांना दाद देत नाही.

‘रटगर्स’ या जुन्या जातीचं बी घेताना जपून. त्या नावाखाली उंच आणि बुटकी, दोन्ही प्रकारची झाडं विकली जातात.

काँक्रीटमध्ये घालतात त्या सहा इंची चौकटींच्या जाळीचे तुमचे पिंजरे असतील तर उत्तम. फळासकट हात बाहेर काढता येतो. कोंबड्यांच्या जाळीत तो अडकतो. दोन फूट व्यासासाठी जोडाची तार धरून साधारण पावणेसात फूट जाळी लागते. प्रत्येक पिंजऱ्याला दोन खुंट्या खोल ठोका, कारण फळांनी लगडलेला वेल ऑगस्टच्या वादळात पिंजऱ्यासकट आडवा होतो. जुन्नर-नारायणगावकडे तार-बांबूवर टोमॅटो बांधतात तेव्हा कोपऱ्याच्या खांबांना ताण देतात, तो याच कारणासाठी. दोन पिंजऱ्यांत निदान तीन फूट अंतर ठेवा, हवा खेळली पाहिजे.

मे महिन्याच्या मध्याला, दहिवराची भीती सरली की रोपं लावा. खालची पानं काढून खोड खोल पुरा. पुरलेल्या भागालाही मुळं फुटतात. नंतर तीन-चार जोमदार फांद्या ठेवून बाकीच्या बगलफुटी लहान असतानाच खुडा. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं काढली आणि बुडाशी गवताचं आच्छादन घातलं तर पावसाच्या शिंतोड्यांबरोबर मातीतला करपा पानांवर उडत नाही.

वेल पिंजऱ्याच्या वर गेला तर बाहेरून खाली लोंबू द्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला मात्र सगळे शेंडे खुडा. त्यानंतरच्या फुलांची फळं तुमच्याकडे थंडीआधी पिकत नाहीत, आणि वेलाचा जोर लागलेल्या फळांकडे वळतो. ऑक्टोबरात पहिल्या दहिवराचा इशारा आला की उरलेली हिरवी फळंही उतरवून घ्या. ज्यांवर पिवळसर झाक आली असेल ती घरात ठेवून पिकतील, बाकीच्यांची दाण्याचं कूट घालून चटणी करा.