एकाच चटईवर

मकतबमधील काही पालक मला सुचवितात, "मौलाना, मागे पडणाऱ्या मुलांना वेगळे बसवा, म्हणजे आमच्या मुलांचा सबक लवकर पुढे सरकेल." त्यांची तळमळ मला समजते. परंतु शिक्षकाने आपले लक्ष कोणाकडे वळवावे, या प्रश्नावर दिव्य कुरआनचा ८०वा अध्याय, सूरह अबस, आपल्याला थांबवून विचार करावयास लावतो.

मक्केत प्रेषित मुहम्मद (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत होते. या प्रतिष्ठितांनी सत्य स्वीकारावे, अशी त्यांना आशा होती. तेवढ्यात अंध सहाबी ह. इब्ने उम्मे मक्तूम (र.) शिकण्याच्या ओढीने तेथे आले. संभाषणात खंड पडला आणि प्रेषितांच्या (स.) मुद्रेवर नाराजी उमटली. तेव्हा स्वतःहून ज्ञानाकडे धावत आलेल्याकडे दुर्लक्ष होऊ नये, अशी ताकीद अल्लाहने दिली. पुढे मदीनेत हेच ह. इब्ने उम्मे मक्तूम (र.) अजान देत, प्रेषित (स.) शहराबाहेर असताना नमाजचे नेतृत्वही अनेकदा त्यांच्याकडे असे.

हिजरी सन ७ मध्ये यमनच्या दौस टोळीतील ह. अबू हुरैरा (र.) मदीनेस आले. त्यांना राहावयास घर नव्हते. मस्जिदे नबवीतील सुफ्फा, म्हणजे छताखालचा ओटा, हाच त्यांचा निवारा आणि हीच त्यांची शाळा. कित्येकदा ते उपाशी असत. आज हदीसच्या ग्रंथांत सर्वाधिक हदीस त्यांच्याच नावे आहेत.

हे सारे मी मदरशात शिकलो होतो. तरीही माझ्या हातून चूक झाली. मी कायदा उर्दूतून समजावीत असे. घरी केवळ मराठी बोलणारी, खेड्यातून आलेली एक मुलगी मागच्या रांगेत गप्प बसे. तिला 'ज़ा' या अक्षराचा उच्चार जमेना, म्हणून मी तिला मंद समजलो. एके दिवशी मराठीतून सांगितले, "'जीवन'मधला ज नको, 'जाळे'मधला घे आणि आवाज अडवू नकोस." थोड्याच प्रयत्नांत तिचा उच्चार शुद्ध झाला. ती मंद नव्हती. माझे शिकवणे अपुरे होते.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या मुलाला तेच अक्षर शिकवीत होती. तो बिहारमधून आलेल्या कामगाराचा मुलगा. त्याच्या बोलीत 'जाळे'तला ज नाही. तेव्हा तिने त्याला भुंग्यासारखा आवाज काढावयास लावला! हा उपाय मला कधी सुचला नव्हता. आज मी प्रत्येक नव्या मुलाला तो सांगतो.

माणसाच्या मृत्यूनंतरही ज्यांचे पुण्य थांबत नाही, अशा कर्मांत लाभदायक ज्ञानाचा उल्लेख हदीसमध्ये आहे. ती मुलगी आणि तो मुलगा जोवर नमाजमध्ये कुरआन पढतील, तोवर त्यांचा अज्र कमी न होता शिकविणाऱ्यालाही वाटा मिळेल, अशी आशा आहे. मुले वेगळी बसविली असती, तर त्या मुलीला हा वाटा लाभला नसता आणि मलाही तो उपाय मिळाला नसता.

म्हणून पालकांना माझी नम्र विनंती आहे : मुलांना एकाच चटईवर बसू द्या. आपल्या मुलाचा सबक तयार असेल, तर घरी त्याला जरूर विचारा, "आज तू कोणाला शिकविलेस?"

शिकावयास आलेल्या कोणत्याही मुलाला कमी लेखण्यापासून अल्लाह आमचे रक्षण करो. आमीन.