सांध्यातली फट

"सांधा बदलताना थोडा खडखडाट व्हायचाच" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. नवीन होस्टेल असो, नवीन रूममेट असो, नाहीतर फर्स्ट इयरला लागलेली केटी असो, घरचे हेच सांगतात. पण हा सांधा म्हणजे नेमकं काय, तो खडखडतो का आणि त्याचा खडखडाट कमी करता येतो का, असं ओरलला विचारलं की भलेभले सिव्हिलवाले खाली बघायला लागतात. म्हणून हा लेख. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मंडळींनी पान उलटू नये. पुढे त्यांचंही काम आहे.

गाडीला स्टिअरिंग नाही

बसला ड्रायव्हर वळवतो. रेल्वेला रूळ वळवतात. त्यामुळे एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जायचं तर रुळांनाच हलावं लागतं. यासाठी जी रचना करतात तिला पुस्तकात टर्नआउट म्हणतात, बोलण्यात सांधा किंवा पॉइंट. तिचे ढोबळ तीन भाग. सुरुवातीला दोन हलणारे निमुळते रूळ, त्यांना टंग रेल म्हणजे जीभ म्हणतात. ही जीभ बाजूच्या पक्क्या रुळाला (स्टॉक रेलला) चिकटली की चाक तिच्यावरून वळतं. मध्ये वळणाचा भाग, म्हणजे लीड. शेवटी जिथे एका मार्गाचा रूळ दुसऱ्याला छेदतो ते क्रॉसिंग. त्याचं टोक दिसतं नाकासारखं, म्हणून त्याला नोज म्हणतात.

क्रॉसिंगला नंबर असतो. "१ इन १२" म्हणजे १२ मीटर पुढे गेल्यावर दोन रुळांत १ मीटर अंतर पडतं. हा कोन होतो ४ अंश ४५ मिनिटं. आपल्याकडे प्रवासी गाड्यांच्या मार्गावर १ इन १२ आणि यार्डात १ इन साडेआठ जास्त करून दिसतात.

चुन्याची रेघ आणि एक मिलिमीटर

मागच्या टर्मला आम्ही पाचजणांनी सर्व्हे लॅबमधून टेप आणि रेंजिंग रॉड आणले आणि ग्राउंडवर पूर्ण मापाचा १ इन १२ चुन्याने आखला. पुस्तकातलं सूत्र सोपं आहे: लीडची लांबी = २ × गेज × क्रॉसिंगचा नंबर. ब्रॉडगेज १.६७६ मीटर, म्हणजे लीड सुमारे ४०.२ मीटर. त्रिज्येचं सूत्र १.५ × गेज + २ × गेज × नंबरचा वर्ग; उत्तर येतं ४८५ मीटर. मग ऑफसेट काढले: अंतराचा वर्ग भागिले दुप्पट त्रिज्या. २० मीटरवर वळणाची रेघ सरळ रेघेपासून ४१ सेंटिमीटर दूर गेली, ३० मीटरवर ९३ सेंटिमीटर, आणि ४०.२ मीटरवर जवळपास पूर्ण गेज. गणित जुळलं. क्रिकेटवाल्यांनी पिच खराब केलं म्हणून शिव्या घातल्या, ते सोडा.

खरी गंमत उलट्या टोकाला होती. १ मीटरवर ऑफसेट किती? फक्त १ मिलिमीटर. २ मीटरवर ४ मिलिमीटर. म्हणजे जीभ जर अगदी स्पर्शरेषेत सुरू केली, तर तिचं पहिलं मीटरभर टोक दाढीच्या पात्यासारखं होईल. त्यावरून २०-२२ टन वजनाचा अ‍ॅक्सल गेला तर काय उरेल? म्हणून डिझायनर तडजोड करतो. जीभ थोड्या कोनात सुरू करायची, म्हणजे टोकाला जाडी मिळते. पण कोन आला की चाकाला धक्का बसणार. जिभेच्या डिझाइनचं सगळं भांडण जाडी आणि धक्का या दोघांमधलं आहे.

आता हे भांडण कसं सोडवलं ते बघा. जुन्या १ इन १२ सांध्याची जीभ सरळ असायची, सुरुवातीचा कोन १ अंश ८ मिनिटं. तिच्यावर वेगमर्यादा ताशी १५ किलोमीटर. नंतर वक्र जीभ आली, लांबी १०.१२५ मीटर, कोन फक्त २० मिनिटं. तिला मर्यादा ताशी ३०. वेग दुप्पट झाला, मग धक्काही दुप्पट झाला का? हिशोब करू. चाक आडवं किती वेगाने ढकललं जातं, ते म्हणजे गाडीचा वेग गुणिले त्या कोनाचा टॅन. सरळ जिभेवर १५ च्या वेगाने सेकंदाला ८ सेंटिमीटर. वक्र जिभेवर ३० च्या वेगाने सेकंदाला ५ सेंटिमीटर. वेग दुप्पट, धक्का उलट कमी! नवीन धातू नाही, नवीन मोटार नाही, फक्त भूमिती. (खऱ्या सांध्यात लीडची त्रिज्या ४४१ मीटर असते. आपल्या चुन्याच्या ४८५ पेक्षा ती कमी आहे.)

पुढची सुधारणा म्हणजे थिक वेब स्विच. जुन्या पद्धतीत साध्या रुळालाच तासून जीभ करायचे, आणि तिचा पाया स्टॉक रेलच्या पायावर चढायचा. तासता तासता रुळाची ताकद जायची. नव्या पद्धतीत जिभेसाठी वेगळा, कमी उंचीचा आणि जाड पोटाचा रूळ वापरतात. तो स्टॉक रेलच्या शेजारी नीट बसतो. जीभ उघडल्यावर टोकाशी पडणारी फट ११५ मिलिमीटरवरून १६० वर नेली आहे, म्हणजे उघड्या बाजूने जाणारं चाक जिभेला घासत नाही. भारतीय रेल्वेने गेल्या काही वर्षांत हे स्विच मोठ्या प्रमाणावर बसवले आहेत.

नाकापुढची फट

खडखडाटाचं मुख्य कारण मात्र क्रॉसिंग. चाकाची आतली कड (फ्लँज) दुसऱ्या रुळाला ओलांडून जायला हवी, म्हणून तिथे रूळ तोडावाच लागतो. ही फट रुंदीला ४४ मिलिमीटरच्या आसपास असते. पण लांबीला? ४४ गुणिले १२, म्हणजे ५२८ मिलिमीटर. जवळजवळ दोन फूट चाकाची वाट तुटलेली! प्रत्यक्षात नाक बोथट असल्यामुळे थोडी जास्तच. चाक खड्ड्यात पडत नाही, कारण ते रुंद असतं आणि बाहेरच्या अंगाने विंग रेलवर टेकून पुढे सरकतं. पण चाकाला उतार असल्याने ते किंचित खाली जातं आणि नाकावर आदळतं. तोच आपला "खडाक्". त्या क्षणी चाक भलत्या वाटेने जाऊ नये म्हणून समोरच्या रुळाशेजारी चेक रेल लावलेला असतो; तो दुसऱ्या चाकाला आतून धरून ठेवतो.

इथे दुसरा पेच आहे. वेग वाढवायचा तर कोन बारीक हवा. पण कोन बारीक केला की फट लांबते. १ इन साडेआठला ३७४ मिलिमीटर, १ इन २० ला ८८० मिलिमीटर. एकाला सुधारावं तर दुसरं बिघडतं. यावरचा एक उपाय धातूचा. रॉबर्ट हॅडफिल्ड या इंग्रज धातुतज्ज्ञाने १८८२ मध्ये सुमारे १२ टक्के मँगनीज असलेलं पोलाद शोधलं. ते नवीन असताना २०० ब्रिनेलच्या आसपास, म्हणजे तसं मऊच. पण चाकांचे तडाखे खाऊन त्याचा पृष्ठभाग साडेतीनशेच्या पुढे कठीण होतो. मार खाऊन शहाणं होणारं पोलाद! क्रॉसिंग याच पोलादाचं अखंड कास्टिंग करतात.

पण त्यालाही खोड आहे. ते साध्या रुळाला सरळ वेल्ड होत नाही, मध्ये स्टेनलेस स्टीलचा तुकडा घालावा लागतो. त्याचे कण भरड असल्याने अल्ट्रासॉनिक तपासणीही नीट होत नाही; तडे शोधायला डोळेच लागतात. कास्टिंगमध्ये राहिलेली पोकळी इथे फार महाग पडते. सातारा, कराड, मिरज-कुपवाड, कोल्हापूर या पट्ट्यात फाउंड्रीत काम करणारे नातेवाईक आपल्यातल्या अनेकांना आहेत. त्यांना विचारा, ओतकामातली पोकळी पकडणं किती अवघड असतं.

दुसरा उपाय म्हणजे फटच बुजवायची. नाक हलतं करायचं, गाडी ज्या मार्गाने जाणार त्या बाजूला ते चिकटवायचं. याला स्विंग नोज म्हणतात. फ्रान्सच्या टीजीव्ही मार्गावर १ इन ६५ चे सांधे आहेत. त्यांवरून गाडी दोनशेच्या वर वेगाने वळते, ते याच्याच जोरावर. पण मोटार वाढली, कुलूप वाढलं, बिघडायच्या जागा वाढल्या. प्रत्येक सांध्याला हे परवडत नाही.

आपल्या लाइनवर

मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही गेज होते. बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज १९२७ मध्ये मिरजेला पोचली होती. वरचं सूत्र या तिघांना लावा. १ इन १२ ची लीड ब्रॉडगेजला ४०.२ मीटर, मीटरगेजला २४, नॅरोगेजला १८.३. म्हणजे गेज बदलताना साधा रूळ बाजूला सरकवून चालेल, सांध्याला ते चालत नाही. प्रत्येक सांधा मुळापासून नवा. काँक्रीट स्लीपरवरच्या १ इन १२ सांध्याला ८३ स्लीपर लागतात. त्यांना नंबर असतात आणि एकाच्या जागी दुसरा बसत नाही. पुणे-मिरज दुहेरीकरणात स्टेशनांचे यार्ड नव्याने बांधताना गाड्या रद्द का व्हायच्या, याचं उत्तर इथे आहे.

एकेरी लाइनवर वेगमर्यादेचा फटका आणखी जाणवायचा. समजा ६०० मीटर लांबीची गाडी रहिमतपूरला किंवा भिलवडीला लूपमध्ये घ्यायची आहे. ताशी १५ ने पूर्ण गाडी सांध्यावरून जायला १४४ सेकंद, ३० ने ७२, ५० ने ४३. हा वेळ समोरच्या गाडीलाही थांबवतो. जिभेच्या टोकाचा कोन आणि आपला सांगलीला पोचायचा टाइम यांचा असा थेट संबंध आहे.

पाच मिलिमीटर

आता सगळ्यात महत्त्वाचं. जीभ आणि स्टॉक रेल यांच्यामध्ये टोकापासून १५० मिलिमीटरवर ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा ठेवतात आणि पॉइंट फिरवतात. अशा वेळी पॉइंटला कुलूप लागता कामा नये आणि सिग्नलही मिळता कामा नये. ही नेहमीची परीक्षा आहे. एक खडी अडकली, तरी यंत्रणेला ते कळलं पाहिजे.

ते कळलं नाही तर काय होतं? १० मे २००२ रोजी इंग्लंडमध्ये पॉटर्स बार इथे पॉइंटचे नट ढिले झाले आणि सातजण गेले. २३ फेब्रुवारी २००७ ला ग्रेरिग इथे जिभांना जोडणारे बार निकामी झाले होते आणि काही दिवस आधी ठरलेली तपासणी झालीच नव्हती. एक बाई दगावली. आपल्याकडे २ जून २०२३ ला बहानगा बाजार इथे वायरिंगमधल्या चुकीमुळे पॉइंट लूपकडे असताना सिग्नल मेन लाइनचा हिरवा मिळाला. कोरोमंडल एक्सप्रेस उभ्या मालगाडीवर गेली, २९० हून अधिक माणसं गेली. तिन्ही ठिकाणी रूळ तुटला नव्हता. सांधा खरोखर कसा आहे आणि तो कसा आहे असं आपण समजतो, यांच्यात फट पडली होती.

मला वाटतं, सांध्याचं डिझाइन सुधारणं म्हणजे केवळ वेग वाढवणं नव्हे. जुलैच्या पावसात, आदर्कीच्या घाटाखाली रात्री टॉर्च घेऊन जो कीमन किंवा ट्रॅकमन सांधा तपासतो, त्याला दोष डोळ्यांनी दिसला पाहिजे. नट कमी असावेत, असतील ते स्वतःहून सुटू नयेत, आणि सुटलाच तर सिग्नल लाल व्हावा. जे डिझाइन कागदावर उत्तम पण माणसाच्या अचूकपणावर उभं आहे, ते अर्धंच डिझाइन.

म्हणून प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांना थोडी यादी. सिव्हिल: वेगवेगळ्या नंबरचे सांधे आखून लांबी, फट आणि धक्का यांचा तक्ता. मेकॅनिकल: लाकडी किंवा थ्रीडी प्रिंटेड मॉडेलवर नाकाचा उतार बदलून चाक किती खाली जातं ते मोजणं, मेटलर्जीची आवड असेल तर मँगनीज पोलादाच्या तुकड्यावर हातोडीने ठोकून आधी आणि नंतरची कठीणता. (त्याला चुंबक चिकटत नाही, तेही बघा.) इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स: पॉइंट मोटारच्या करंटवरून अडथळा आधीच ओळखणं. फक्त एक विनंती. हे सगळं लॅबमध्ये आणि ग्राउंडवर करा. परवानगीशिवाय रुळांवर जाणं गुन्हा आहे आणि जिवावर बेतणारं आहे.

टेप आणि रॉड सर्व्हे लॅबमध्ये मिळतात. चुन्याचं अर्धं पोतं अजून आमच्या खोलीत आहे. कुणाला हवं असेल तर रविवारी सकाळी घेऊन जा, क्रिकेटवाले ग्राउंडवर यायच्या आत.